संग्रह संस्थेला द्यावा, समूहाकडेच ठेवावा, की केवळ प्रती द्याव्यात?

ज्या समूहांचा इतिहास सरकारी दप्तरांत क्वचितच आला, आणि आला तेव्हाही पोलिसांच्या, जनगणनेच्या किंवा मिशनऱ्यांच्या शब्दांत आला, त्या समूहांपुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. कार्यकर्त्यांच्या घरी साठलेली पत्रके, सभांची इतिवृत्ते, मोर्चांची आणि घरगुती समारंभांची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणींच्या कॅसेट, हे सारे आता कुणाच्या हवाली करायचे? पर्याय मुख्यतः चार आहेत. विद्यापीठ, ग्रंथालय किंवा सरकारी अभिलेखागारासारख्या प्रस्थापित संस्थेला संग्रह देऊन टाकणे, समूहाने स्वतःचे अभिलेखागार चालवणे, मूळ वस्तू आपल्याकडे ठेवून केवळ डिजिटल प्रती संस्थेला देणे, आणि सारे काही एखाद्या लोकप्रिय संकेतस्थळावर चढवून मोकळे होणे.

या चारांची तुलना करताना जागा, पैसा आणि मनुष्यबळ यांचा विचार करावाच लागतो. पण त्याहून अधिक वजन मी एका मुद्द्याला दिले आहे. सामग्री कुणाला दाखवायची, कुणाला नाकारायची आणि तिचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे, हे ठरवण्याचा अधिकार शेवटी कुणाकडे राहतो? ताबा आणि अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून देता येतात, हे अनेक समूहांच्या लक्षात करारावर सही झाल्यानंतर येते.

प्रस्थापित संस्था

संस्थेची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नियंत्रित तापमान आणि आर्द्रता, आम्लविरहित खोकी, प्रशिक्षित कर्मचारी, शोधता येईल अशी सूची आणि पुढची पिढी रस घेईल की नाही यावर अवलंबून नसलेले सातत्य, या गोष्टी हौशी मंडळींना क्वचितच जमतात. ज्यांच्याकडे जुनी चित्रफीत आहे आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यांच्याकडे वेळ फारसा उरलेला नाही. अॅसिटेटच्या फितीचे रासायनिक विघटन सुरू झाले की ते थंड साठवणुकीने लांबवता येते, थांबवता येत नाही. अशा सामग्रीसाठी संस्थेचा दरवाजा ठोठावण्यात कमीपणा नाही.

तरीही मोठी इमारत म्हणजे अभय नव्हे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरो येथील ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा तिथे जपलेली आदिवासी भाषांविषयीची सामग्रीही आगीत गेली. आगीपेक्षा गंभीर धोका मात्र कायद्याचा आणि कागदपत्रांतल्या शब्दांचा असतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजचे आहे. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात दोन्ही बाजूंनी लढलेल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती २००१ पासून काही वर्षे तिथल्या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. आपल्या हयातीत त्या कुणाच्या हाती पडणार नाहीत, या आश्वासनावर लोक मोकळेपणाने बोलले. २०११ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून अमेरिकी न्यायालयीन समन्स निघाले आणि दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. गोपनीयता ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तितकीच’ राहील, ही मर्यादा कॉलेज आणि प्रकल्पाचे संचालक यांच्यातील करारात नमूद होती. प्रत्यक्ष बोलणाऱ्यांनी सही केलेल्या कागदावर ती नव्हती. एवढे एक कलम एका कागदावरून दुसऱ्यावर उतरले असते, तर काय बोलायचे आणि काय नाही हे त्या माणसांनी वेगळ्या हिशेबाने ठरवले असते.

त्यामुळे संस्थेशी बोलताना शीतकक्ष किती मोठा आहे याच्या आधी करार दानपत्राचा आहे की ठेवीचा, हे विचारावे. दानपत्राने मालकी हस्तांतरित होते. ठेव करारात मालकी समूहाकडे राहते आणि ठरलेल्या मुदतीनंतर किंवा शर्तभंग झाल्यास सामग्री परत मागता येते. सूची आणि जतनावर खर्च केलेला संग्रह उद्या परत जाईल, या भीतीने संस्था ठेवीला सहसा नाखूश असतात, आणि त्यांची ही अडचण खोटी नाही. सामग्री परत घेतल्यास खर्चाचा काही भाग समूहाने द्यावा, अशी तडजोड येथे करता येते.

संस्था बदलत नाहीत असे नाही, पण त्या आपल्या गतीने बदलतात. मूळ अमेरिकी जमातींच्या अभिलेखांबाबत जमातींशी सल्लामसलत करावी, पवित्र वा गोपनीय सामग्रीवर त्यांचे म्हणणे मानावे, अशी आचारतत्त्वे २००६ मध्ये तयार झाली. अमेरिकेतील अभिलेखपालांच्या व्यावसायिक संघटनेने त्यांना अधिकृत पाठिंबा दिला तो २०१८ मध्ये.

समूहाचे स्वतःचे अभिलेखागार

या पर्यायाच्या बाजूने सर्वांत ठाम उभे असलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचे ‘लेस्बियन हर्स्टोरी अर्काइव्ह्ज’ १९७४ मध्ये सुरू झाले आणि अनेक वर्षे जोन नेसल यांच्या घरातच चालले. पुढे लहान लहान देणग्या जमवून ब्रुकलिनमध्ये इमारत घेण्यात आली आणि १९९३ मध्ये ती खुली झाली. संग्रह विद्यापीठाच्या आवारात नव्हे, समूहातच राहील, तो कधीही विकला जाणार नाही आणि तो पाहण्यासाठी शैक्षणिक पात्रतेची अट नसेल, ही तत्त्वे त्यांनी लेखी ठरवली. जी स्त्री विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायरीवर बिचकली असती, ती इथे येऊन स्वतःची पत्रे देऊ शकली, हा या निर्णयाचा खरा लाभ.

समूहाच्या जागेत आणखी एक गोष्ट घडते, जी संस्थेच्या वाचनकक्षात सहसा घडत नाही: सामग्रीत भर पडत राहते. केप टाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये केवळ गौरवर्णीयांसाठी जाहीर झाली आणि पुढच्या काळात साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून हुसकावण्यात आले. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये त्या वस्तीचे संग्रहालय उघडले, तेव्हा जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरण्यात आला आणि परतलेल्या रहिवाशांनी आपापल्या गल्लीत, आपल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली. पाडकामाच्या वेळी कुणी जपून ठेवलेल्या रस्त्यांच्या पाट्या त्याच जागेत टांगलेल्या आहेत. कोण कुठे राहत होते याची ही नोंद त्या रहिवाशांनी एकमेकांच्या साक्षीने केली आहे, आणि तिची बरोबरी कार्यालयात बसून तयार केलेली कोणतीही सूची करू शकत नाही.

संकटकाळी ताबा आपल्याकडे असण्याचे मोल पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या टिंबक्टू शहरात दिसले. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेतल्यावर पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते सांभाळणाऱ्या घराण्यांनी आणि ग्रंथपालांनी ती पेट्यांत भरून, रस्त्याने आणि नदीमार्गे, गुपचूप राजधानी बमाकोला हलवली. जानेवारी २०१३ मध्ये माघार घेणाऱ्या हल्लेखोरांनी सरकारी अहमद बाबा संस्थेतील काही हजार हस्तलिखिते जाळली; हलवलेली मात्र वाचली.

आता दुसरी बाजू. असे अभिलेखागार बहुधा दोन-तीन माणसांच्या जिवावर चालते. ती थकली, आजारी पडली किंवा त्यांच्यात फूट पडली, की किल्ली कुणाकडे, भाडे कोण भरणार, असे प्रश्न निघतात, आणि संग्रह पुन्हा कुणाच्या तरी माळ्यावर कसरीच्या स्वाधीन होतो. त्याहून अवघड प्रश्न समूहाच्या आतला आहे. समूह म्हणजे एकच आवाज नव्हे. पुढाऱ्यांची भाषणे जपली जातात, पण सभेची सतरंजी घालणाऱ्यांची आठवण कुणी टिपत नाही. पुरुषांची पत्रे ठेवली जातात, स्त्रियांच्या वह्या रद्दीत जातात. समूहाच्या प्रतिष्ठेला बाधक वाटणारी कागदपत्रे हळूच बाजूला काढली जातात. बाहेरच्यांनी केलेल्या वगळणुकीवर बोट ठेवणाऱ्यांनीच आत वगळणूक करावी, हे मला सर्वांत क्लेशदायक वाटते. काय स्वीकारायचे हे ठरवणाऱ्या समितीत वय, लिंग आणि आर्थिक स्थिती यांची विविधता नसेल, तर ‘समूहाचे’ हे विशेषण त्या संग्रहाला पूर्णपणे लागू होत नाही.

मूळ आपल्याकडे, प्रती संस्थेकडे

न्यूयॉर्कमधील चिनी-अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयाचा साठा ज्या इमारतीत होता, तिला जानेवारी २०२० मध्ये आग लागली. सुमारे ८५ हजार वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू पुढे पाण्याने भिजलेल्या अवस्थेत का होईना परत मिळाल्या. पण पहिल्या दिवसांत आधाराला होत्या त्या सुमारे ३५ हजार वस्तूंच्या आधीच करून ठेवलेल्या डिजिटल प्रती. ताबा कुणाकडेही असो, एकाच छताखाली एकच प्रत ठेवणे ही चूक आहे.

या तिसऱ्या पर्यायाचे शिस्तबद्ध रूप २००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह’ या संस्थेत दिसते. कुटुंबाकडून पत्रे, छायाचित्रे घ्यायची, त्यांच्या डिजिटल प्रती करायच्या आणि मूळ वस्तू परत करायच्या, अशी त्यांची पद्धत आहे. ब्रिटिश लायब्ररीतून चालणारा, २००४ मध्ये सुरू झालेला धोक्यातील अभिलेखांचा कार्यक्रमही मूळ सामग्री देशाबाहेर नेत नाही. आजी आपला अल्बम कायमचा देणार नाही, पण दोन दिवसांसाठी देईल. त्यामुळे या पद्धतीत जे हाती येते ते दान मागून कधीच आले नसते.

अधिकाराच्या प्रश्नाचेही सर्वांत बारकाईने दिलेले उत्तर याच वाटेवर सापडते. मध्य ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू समूहाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही संगणकप्रणाली घडली. कोणते छायाचित्र कुणी पाहायचे, हे त्या समूहात नाते, लिंग आणि विधीतील स्थान यांवरून ठरते, आणि मृत व्यक्तीची प्रतिमा पाहण्यालाही मर्यादा असतात. प्रणालीत हे नियम समूह स्वतः घालतो. ती विनामूल्य असून आज इतर अनेक समूह तिचा उपयोग करतात.

डिजिटल प्रत केली की काम संपले, असे मात्र मुळीच नाही. स्कॅन करताना छायाचित्राची मागची बाजूही घ्यावी लागते, कारण नावे आणि तारखा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात. ध्वनी जतनासाठी साठवायचा तर ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट हा किमान दर्जा मानला जातो; त्या दर्जाची एका तासाची स्टिरिओ फाइल सुमारे १ गिगाबाइट होते, म्हणजे पाचशे तासांच्या मुलाखतींना अर्धा टेराबाइट आणि तीन प्रती ठेवायच्या तर दीड टेराबाइट जागा लागते. ही जागा आज महाग नाही. दर काही वर्षांनी डिस्क बदलणारा आणि फाइल शाबूत आहे का हे तपासणारा माणूस मिळणे कठीण आहे. मोठ्या संस्थेतील प्रतही अभेद्य नसते: ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने विस्कळीत होत्या. शिवाय प्रत झाली म्हणून घरातली मूळ वस्तू निष्काळजीपणे टाकून दिली जाण्याचा धोका वाढतो, हेही कुटुंबांना सांगायला हवे.

लोकप्रिय संकेतस्थळे

येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्सवरील वर्षानुवर्षांचा मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला, आणि त्याच वर्षी मायस्पेसने जुन्या ध्वनिफायली गमावल्याचे जाहीर केले. ना-नफा तत्त्वावर चालणारे इंटरनेट अर्काइव्ह या सर्वांहून निश्चितच वेगळे आहे, जतन हाच त्याचा हेतू आहे, परंतु २०२४ मधील सायबर हल्ल्यात तेही काही दिवस बंद पडले होते. आणि जे एकदा सर्वांसाठी खुले झाले, ते परत घेता येत नाही. ज्या माणसांना ओळख उघड झाल्याने नोकरी, घर किंवा जीव गमवावा लागू शकतो, त्यांच्या बाबतीत हा दोष एकटाच पुरेसा आहे. निवडक, संमती मिळालेली सामग्री लोकांपर्यंत पोहोचवायला ही माध्यमे उत्तम. भिस्त मात्र त्यांच्यावर ठेवू नये.

मग निवड कशी करावी

तुमच्याकडे मुख्यतः कागद आणि छायाचित्रे असतील, एक कोरडी बंद खोली असेल आणि जबाबदारी घेणारी निरनिराळ्या वयांची किमान दोन माणसे असतील, तर मूळ वस्तू समूहाकडे ठेवून प्रती संस्थेला द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. सामग्री विघटनाच्या मार्गावर असेल किंवा सांभाळणारे उत्तराधिकारी दिसत नसतील, तर ती संस्थेला द्यावी, पण शक्यतो ठेव म्हणून. साक्ष देणाऱ्यांवर खटले किंवा हल्ले होण्याची शक्यता असेल, तर कोणत्याही संस्थेने दिलेल्या गोपनीयतेच्या वचनावर विसंबू नये. वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय असे ध्वनिमुद्रण सुरूच करू नये.

करार कोणताही असो, त्यात काही गोष्टी नावानिशी याव्यात. वर्णनातील शब्द समूहाने तपासायचे आणि दुरुस्त करायचे; मुलाखत देणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना संमती मागे घेता यावी; छायाचित्राची प्रत हाती असणे म्हणजे तिचा स्वामित्वहक्क असणे नव्हे, याची स्वतंत्र नोंद व्हावी; आणि संस्था किंवा समूहाचे अभिलेखागार बंद पडल्यास सामग्री कुणाकडे जाईल, हे आजच लिहून ठेवावे.

वाटाघाटी मात्र लांबतात, आणि तोवर कॅसेटना थांबायला सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या चुंबकीय फिती बहुतांशी कायमच्या हातच्या जातील, कारण त्या वाजवणारी यंत्रे, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपत आली आहेत. म्हणून कोणता पर्याय निवडायचा हे ठरायच्या आधीही, ज्यांचे आवाज त्या फितींवर आहेत त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना गाठून, त्यांच्यासमोर ती फीत ऐकून, कोण बोलत आहे, कुठे आणि केव्हा, हे टिपून घेण्याचे काम याच महिन्यात सुरू करता येते.