इन्स्टॉलर म्हणतो ‘झालं’, रजिस्ट्रीत मात्र काहीच नाही: लॉग वाचावा, प्रॉक्मॉन लावावा की आधी-नंतर ताडून पाहावं?

इन्स्टॉलेशन सुरळीत संपतं, एररची एकही खिडकी येत नाही, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, हवी ती नोंद मात्र सापडत नाही. अशा वेळी शोधाचे तीन मार्ग आहेत. इन्स्टॉलरचा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या कामांची नोंदफाइल, वाचला तर त्याच्या मते काय घडलं ते कळतं. प्रोग्रामच्या हालचाली टिपणारं मायक्रोसॉफ्टचं टूल प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रॉक्मॉन लावला तर विंडोजने त्याला प्रत्यक्षात काय उत्तर दिलं ते दिसतं. आणि रजिस्ट्रीची आधीची व नंतरची प्रत ताडून पाहिली तर शेवटी काय टिकलं ते समजतं.

यातलं काहीही निवडण्याआधी दोन मिनिटं एका गोष्टीला द्या, कारण नोंद बऱ्याचदा भलत्याच जागी लिहिलेली असते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट इन्स्टॉलर मशीनभरच्या नोंदींच्या एचकेएलएम\सॉफ्टवेअरमध्ये लिहायला गेला, की ते लिखाण वाऊ६४३२नोडखाली वळतं. म्हणून ‘रेग क्वेरी’ एकदा /रेग:३२ आणि एकदा /रेग:६४ लावून चालवा. मॅनिफेस्ट (कोणते अधिकार हवेत हे सांगणारी माहिती) नसलेला जुना ३२-बिट इन्स्टॉलर अ‍ॅडमिन अधिकारांशिवाय चालला असेल, तर एचकेसीयू\सॉफ्टवेअर\क्लासेसखालचा व्हर्च्युअलस्टोअर बघा; एचकेसीयू म्हणजे चालू वापरकर्त्याच्या नोंदींचा विभाग. आणि साध्या खात्यातून काम करताना परवानगी विचारणाऱ्या यूएसीच्या खिडकीत दुसऱ्याच अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड दिला असेल, तर एचकेसीयूतल्या नोंदी त्या अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये गेल्या आहेत.

लॉग

एमएसआय पॅकेज, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर सेवेने बसवायची फाइल, असेल तर इथूनच सुरुवात करा. ‘एमएसआयएक्झेक /आय’, पॅकेजचं नाव, ‘/एल*व्ही’ आणि लॉग फाइलचा पत्ता, एवढी कमांड पुरते. तो फोल्डर आधीपासून असायला हवा, नाहीतर १६२२ एरर येतो. फाइल प्रचंड मोठी निघते. ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. १४०६ म्हणजे व्हॅल्यू (‘की’मधली एकेक नोंद) लिहिता आली नाही, १४०२ म्हणजे ‘की’ (रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) उघडता आली नाही. १६०३ वर वेळ घालवू नका. तो फक्त ‘इन्स्टॉलेशन फसलं’ एवढंच सांगतो.

पण गुपचूप फसलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ बहुधा नसतोच. तिथे ‘ट्रान्सलेटेड टू सक्सेस’ हे शब्द शोधा. पॅकेज बनवणाऱ्याने एखाद्या कस्टम (पॅकेजसाठी खास लिहिलेल्या) अ‍ॅक्शनला ‘अपयश आलं तरी पुढे जा’ अशी खूण केलेली असते. ती अ‍ॅक्शन फसली की लॉगमध्ये तिचा खरा एरर कोड येतो, आणि त्याच ओळीत तो यश म्हणून धरल्याचंही लिहिलेलं असतं.

एक्झी इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांपैकी इनो सेटअपच्या इन्स्टॉलरला /लॉग हा स्विच चालतो. एनएसआयएसमध्ये मात्र लॉगची सोय मुळात चालू नसते, तिथे हा मार्ग खुंटतो.

प्रॉक्मॉन

कष्टाचा, पण सर्वांत खात्रीचा मार्ग हाच. इन्स्टॉलरच्या आधी अ‍ॅडमिन म्हणून सुरू करा, कंट्रोल+एक्सने जुन्या ओळी पुसा, इन्स्टॉलेशन संपताच कंट्रोल+ईने नोंदणी थांबवा.

फिल्टर लावताना दोन चुका हमखास होतात. पहिली, फक्त सेटअपच्या एक्झी फाइलचं नाव देणं. एमएसआयचं मशीनपातळीवरचं लिखाण एमएसआयएक्झेकची सर्व्हिस सिस्टिम खात्याखाली करते, त्यामुळे कंट्रोल+टीने प्रोसेस ट्री उघडून कोणकोण कामाला लागलं ते आधी बघा. दुसरी, फक्त ‘रेगसेटव्हॅल्यू’ शोधणं. परवानगीची तपासणी ‘की’ उघडतानाच होते. तिथेच नकार मिळाला तर रेगसेटव्हॅल्यूची ओळ उमटतच नाही. म्हणून फिल्टर निकालावर लावा: ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.

ती ओळ सापडली की फिल्टर काढून तिच्या खालची ओळ बघा. नेहमीचं चित्र असं असतं: रेगक्रिएटकीला ‘ऑल अ‍ॅक्सेस’ मागितल्यावर नकार, आणि लगेच त्याच पत्त्यावर रेगओपनकीला नुसता ‘रीड’ मागितल्यावर ‘सक्सेस’. इन्स्टॉलर त्या सक्सेसवर समाधान मानून पुढे जातो. ‘नेम नॉट फाउंड’च्या ढीगभर ओळी दिसतील. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, कारण ती ‘की’ आहे का हे प्रोग्राम नुसतं चाचपून बघत असतो. नकाराच्या ओळीवर कंट्रोल+जे दाबलं की रजिस्ट्री एडिटर थेट त्या जागी उघडतो. तिथे परवानग्या तपासा, पण विंडोजच्या ट्रस्टेडइन्स्टॉलर या राखीव खात्याच्या मालकीची ‘की’ स्वतःच्या नावावर करून घेऊ नका.

आधी-नंतरची तुलना

बाहेरचं टूल चालवायला मनाई असलेल्या मशीनवर हा मार्ग सोयीचा. संबंधित ‘की’ची प्रत ‘रेग एक्स्पोर्ट’ने आधी आणि नंतर काढा, मग ‘एफसी /यू’ने ताडा. /यू विसरू नका, एक्स्पोर्ट यूटीएफ-१६ या युनिकोड स्वरूपात असतो. कोणी लिहिलं, का अडलं, हे यातून कळत नाही.

मात्र लिहिलेली नोंद नंतर कोणी बदलली का, हे पाहायला हाच मार्ग बरा. डोमेनमधल्या, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरशी जोडलेल्या, मशीनवर ग्रुप पॉलिसी (संस्थेने ठरवलेली सेटिंग्ज) साधारण दर ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने, ताजी होते आणि स्वतःची व्हॅल्यू परत बसवू शकते. म्हणून दोन तासांनी तिसरा एक्स्पोर्ट घ्या.

तेव्हा एमएसआयसाठी आधी लॉग, लॉग न देणाऱ्या एक्झीसाठी थेट प्रॉक्मॉन, आणि आज दिसलेलं सेटिंग उद्या गायब होत असेल तर तुलना. कारण सापडेपर्यंत हाताने रेग फाइल घालायची घाई नको. अडथळा दूर झाला की एमएसआयला ‘/एफएम’ने मशीनच्या आणि ‘/एफयू’ने वापरकर्त्याच्या नोंदी पुन्हा लिहायला लावा.