लातूरमधलं हर्नियाचं ऑपरेशन आणि थिएटरमधला १९ मुद्द्यांचा कागद

अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे. ऑपरेशन करून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक काउंटरवर रोजच येतात, आणि 'कुठं दाखवावं?' हे कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लातूरच्या या हॉस्पिटलात माझ्या डाव्या बाजूच्या हर्नियाचं जाळी टाकून ऑपरेशन झालं. खोली स्वच्छ, बिल आधी सांगितलं तेवढंच, कॅन्टीनचं जेवण बेताचं, गाडी लावायला जागा नाही. खरं सांगायचंय ते वेगळंच.

थिएटरच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तीन टप्प्यांत तपासायच्या १९ मुद्द्यांची यादी, लावलेली आहे, आणि तीच केसपेपरलाही जोडतात. असे कागद मी बऱ्याच फायलींत पाहिलेत. सगळ्या चौकोनांत एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या टिका असतात. इथं मात्र प्रत्येक मुद्दा मोठ्यानं बोलला गेला. मला कमरेतून भूल दिली होती, त्यामुळं हिरव्या पडद्याअलीकडं मी पूर्ण जागा होतो आणि शब्द न् शब्द ऐकत होतो.

पहिला टप्पा भूल देण्याआधीचा. "काका, पूर्ण नाव सांगा. ऑपरेशन कशाचं? कोणती बाजू?" डॉक्टरांनी वॉर्डातच मला विचारून डाव्या जांघेवर मार्करनं बाण काढला होता, तो सिस्टरांनी पुन्हा बघितला. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, चालतंय याची खात्री केली. मग विचारलं, "कोणत्या औषधाची ॲलर्जी?" ॲडमिशनच्या कागदावर हा रकाना कोराच राहिला होता. मला पेनिसिलिननं अंगभर गांधी उठतात, हे मी सांगितलं. भुलेच्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, दम लागला होता का, तोंड सुजलं होतं का, किती वर्षं झाली. ठरलेलं अँटिबायोटिक बाजूला ठेवून त्यांनी क्लिंडामायसिन लावायला सांगितलं. अशा एका कोऱ्या रकान्याचं काय होऊ शकतं हे औषधं विकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा टप्पा चीर घेण्याआधीचा, आणि त्यासाठीच मी ह्या हॉस्पिटलला पूर्ण मार्क देतो. सर्जन हात धुऊन, ग्लोव्हज घालून तयार होते. सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगितलं. सिस्टरांनी माझं नाव, ऑपरेशन, बाजू वाचली. पुढचा प्रश्न अँटिबायोटिकचा. चिरेआधीच्या ६० मिनिटांत ते शरीरात गेलेलं हवं, असा नियम आहे. सिस्टर म्हणाल्या, "सर, थांबा. बाटली अजून चालू आहे." आवाजावरून पोरगी पंचविशीतली असेल. क्लिंडामायसिन घाईनं सोडता येत नाही, सावकाशच द्यावं लागतं. सर्जन "बरं" म्हणाले आणि थांबले, बाटली संपेपर्यंत. आपल्याकडं मोठ्या डॉक्टरला 'थांबा' म्हणायची कुणाची छाती होते? इथं ती त्या पोरीची झाली, कारण ते विचारणं हे तिचं ठरलेलं काम होतं.

शेवटी, मला बाहेर काढण्याआधी, गॉज, सुया, अवजारं मोजून 'पूर्ण' असं मोठ्यानं सांगितलं. कॉटरीचं, म्हणजे रक्त थांबवायला भाजतात त्या मशीनचं, पेडल मध्येच अडकतंय हेही कुणीतरी बोललं आणि ते लिहून घेतलं, म्हणजे पुढच्या पेशंटच्या वेळी तीच अडचण नको.

ही यादी २००८ साली आली. ते काम अतुल गावंडे या सर्जनच्या पुढाकारानं झालं. त्यांचे वडील पैनगंगेपलीकडच्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्या. हे आकडे २००९ साली छापून आले. पण २०१४ साली कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतातल्या १०१ हॉस्पिटलांचा हिशेब आला. तिथं यादी सक्तीनं लागू केली होती आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नव्हता. मला त्यात नवल वाटत नाही. सक्ती आली की कागद भरला जातो; सर्जन थांबतोच असं नाही.

तक्रारी दोन. कागद सगळा इंग्रजीत आहे. मराठीत एक प्रत वॉर्डात लावली, तर पेशंट आदल्या दिवशीच ॲलर्जी, चालू गोळ्या, जुनी ऑपरेशनं आठवून ठेवील. दुसरी, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना काही कळवत नाहीत. अँटिबायोटिक संपेपर्यंत जो वेळ गेला, त्यात माझी बायको दाराकडं डोळे लावून बसली होती. 'सुरू व्हायला थोडा उशीर आहे, काळजी नको' एवढं वॉर्डबॉयकडून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मेव्हणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं आहे. ते इथंच करायचं ठरलंय, आणि तिच्या गोळ्यांची यादी मी आत्ताच लिहून दिली आहे.