आतडे प्रत्यारोपणाची पूर्वतपासणी: सेवा चोख, सूचनापत्र अपुरं

टीपीएनवर (शिरेतून पिशवीने दिलं जाणारं पोषण) असलेल्या रुग्णाला सर्जन, पोटविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ अशी सगळी मंडळी एकाच फेरीत भेटतात, ही या सेवेची मोठी जमेची बाजू. कच्चं आहे ते आधी हातात पडणारं सूचनापत्र.

त्यात बहुधा 'रात्री बारानंतर उपाशी' एवढंच असतं. टीपीएनचं काय, त्याचा पत्ता नाही. मग घरचे पिशवीही एकदम बंद करतात आणि साखर झपकन उतरू शकते, लहान मुलांत तर जास्तच. पंपाचा वेग शेवटच्या एक-दोन तासांत हळूहळू उतरवायचा असतो. कोणत्या तपासणीसाठी टीपीएन खरंच थांबवायचं, हे आधी फोन करून विचारा आणि लिहून घ्या.

रक्ताच्या नळ्या भरपूर लागतात: रक्तगट, एचएलए (ऊतींची जुळणी), अँटिबॉडी, सीएमव्ही आणि ईबीव्ही हे विषाणू, हिपॅटायटिस, एचआयव्ही, यकृत, किडनी, गोठण्याच्या चाचण्या. हाताच्या शिरा मिळत नसतील तर सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेली नळी, जिच्यातून टीपीएन जातं) रक्त काढतात. तेव्हा टीपीएन थांबवून, लाइन सलाइनने धुऊन, सुरुवातीचं रक्त टाकून दिलं नाही तर साखर आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. शिवाय लाइन जितक्यांदा उघडाल तितका जंतुसंसर्गाचा धोका. सगळे नमुने एकाच वेळी काढायला सांगा.

सर्वांत मोलाची तपासणी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्रण. मानेतल्या आणि खांद्याजवळच्या मोठ्या शिरांपैकी किती उघड्या उरल्यात, ते सीटी किंवा एमआरआयमध्ये कळतं, आणि पुष्कळदा निर्णय त्यावरच फिरतो. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर आजवरच्या प्रत्येक लाइनची नोंद हवी: तारीख, बाजू, शीर, काढण्याचं कारण, कल्चरमध्ये निघालेला जंतू. त्याखाली शस्त्रक्रियेची मूळ टिपणं. उरलेलं आतडं किती सेंटीमीटर, मोठं आतडं किती, लहान आणि मोठ्या आतड्यामधली इलिओसीकल झडप आहे की नाही, हे त्यातच सापडतं. डिस्चार्ज कार्डावरच्या 'बरंचसं आतडं काढलं' या ओळीवरून कोणालाच काही ठरवता येत नाही. स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणा. टीपीएनचा चालू फॉर्म्युला आणि स्टोमाची (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) आणि लघवीची रोजची मापंही जोडा.

दातांचं काम आधीच उरकून जावं. लसींचा विषय मात्र फार उशिरा निघतो, आणि ही खरी त्रुटी आहे: गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत, आणि आधी द्यायच्या तर मध्ये किमान चार आठवडे सोडावे लागतात.

निकाल 'आत्ता प्रत्यारोपण नको' असाही येतो. त्याचा अर्थ दार बंद झालं असा नाही. टेड्युग्लुटाइड (आतड्याची शोषणक्षमता वाढवणारं औषध) किंवा आतडं लांबवण्याची शस्त्रक्रिया काहींना पुरते, टीपीएन कमी होतं. चांगली टीम हे पर्याय आपणहून मांडते. नाही मांडले तर शेवटच्या बैठकीत थेट विचारा: कोणता बदल दिसला की पुन्हा यायचं?