सारेगम की स्टाफ नोटेशन: शाळकरी मुलांनी संगीतशास्त्राची कोणती परिभाषा आधी धरावी?

ठाणे-नवी मुंबईतल्या आठवी-नववीच्या मुलांपुढे संगीतशास्त्राच्या दोन परिभाषा बहुतेक वेळा एकदमच येतात. गाण्याच्या क्लासात सप्तक, थाट (रागांच्या वर्गीकरणासाठी ठरवलेले सात स्वरांचे संच), मात्रा (तालातला एक ठोका), सम (तालाची पहिली मात्रा). कीबोर्ड-गिटारच्या क्लासात स्केल (स्वरांची चढती रांग), कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वर), टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये म्हणजे तालाच्या एका खणात किती ठोके हे सांगणारे आकडे), क्रॉचेट (स्वराच्या लांबीची एक खूण). एकीकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, मंडळाची वास्तूही वाशीतच. दुसरीकडे एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड. दोन्ही एकत्र चालतील का, असं पालक विचारतात. चालतात, पण एक आधी पक्की झाली तर. दोन्ही अर्धवट असली की मूल दोन्हीकडे शब्द पाठ करतं आणि कानाला एकही लागत नाही.

सा हलतो, सी हलत नाही

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. आपल्याकडे सा म्हणजे गाणाऱ्याला सोयीची जागा. काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार (पट्ट्यांची ही मोजणी सी पासून), सा साच राहतो आणि बाकीचे स्वर त्याच्या अंतरावर बसतात. पाश्चात्त्य पद्धतीत सी ही कीबोर्डवरची ठरलेली पट्टी, तिथून ती हलत नाही. ‘सा म्हणजे सी’ असं पहिल्या दिवशी सांगितलं तर ते पांढरी एकपुरतंच खरं असतं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊ. त्याचा सा पहिल्या काळीवर, शुद्ध गंधार एफवर म्हणजे पांढरी चारवर आणि पंचम काळी चारवर. हेच त्याला स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, लिहायचं झालं तर स्केल निघतं डी फ्लॅट मेजर, पाच फ्लॅटचं (फ्लॅट म्हणजे स्वर एका पट्टीने उतरवण्याची खूण). एबीआरएसएमच्या थिअरीत पहिल्या ग्रेडला सी, जी, डी आणि एफ एवढेच मेजर असतात; पाच फ्लॅटपर्यंत पोचायला चौथी ग्रेड उजाडते. म्हणजे मूल रोज ज्या पट्टीत गातं ती त्याला चौथ्या ग्रेडपर्यंत कागदावर दिसतच नाही. यावर कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण एक वर ठेवून पांढऱ्या पट्ट्यांवर काळी एक वाजवायचा उपाय सर्रास केला जातो. भजनाला साथ करायला तो ठीक आहे. थिअरी शिकताना मात्र बटण शून्यावरच हवं, कारण डोळ्यांना सी दिसतो आणि कानावर सी शार्प पडतो. असं सहा महिने चाललं की मुलाला ऐकून स्वर ओळखणं जड जातं.

स्वर मोजण्यात दोन्हीकडे फारसा फरक नाही. सात शुद्ध, चार कोमल (रे, ग, ध, नी) आणि एक तीव्र मध्यम, असे बारा. कीबोर्डवरही एका सप्तकात बाराच पट्ट्या. पण तानपुऱ्यावर लागलेला शुद्ध गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटने उतरलेला असतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. गाणाऱ्या मुलाला हा फरक तानपुऱ्यावर ऐकवला पाहिजे. पेटीवर तो कधीच सापडणार नाही.

थाट आणि स्केल

बिलावल थाट म्हणजे मेजर स्केल आणि आसावरी थाट म्हणजे नॅचरल मायनर, हे मुलांना बिनधास्त सांगा. खमाज, काफी, भैरवी आणि कल्याण या चार थाटांनाही पाश्चात्त्य मोडमध्ये, म्हणजे स्केलच्या जुन्या प्रकारांत, जोडीदार मिळतात: अनुक्रमे मिक्सोलिडियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन. पं. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी उरलेल्या भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडीला या मोडमध्ये जागा नाही, तेव्हा ओढूनताणून जोड्या लावू नयेत.

राग म्हणजे स्केल, हे समीकरण मात्र पहिल्याच वर्षी मोडून काढायला हवं. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर सा रे ग प ध. स्केलच्या भाषेत दोन्ही एकच. प्रत्यक्षात भूपाचा वादी (रागातला मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत, आणि भूप गाताना धैवतावर फार रेंगाळलं की भूप हातातून सुटतो. वादी, संवादी (वादीनंतरचा महत्त्वाचा स्वर), पकड (रागाची ओळख पटवणारी स्वरावली) हे शब्द इथे कामाला येतात आणि पाश्चात्त्य परिभाषेत त्यांना नेमका पर्याय नाही. उलट बाजूला कॉर्ड. सा-ग-प एकदम वाजवले की मेजर कॉर्ड होते, पण कॉर्डची उलटापालट, एकीकडून दुसरीकडे जाणं, शेवटाला घरी परतणं, यासाठी आपल्या क्लासात शब्दच वापरात नाहीत. गिटारवाल्या मुलाचं त्यावाचून पान हलत नाही.

दादरा आणि सहा-आठ

तालात मुलं हमखास अडकतात ती इथे. दादरा सहा मात्रांचा, ३+३. कीबोर्डच्या क्लासात गेल्यावर सहा दिसले की मूल तीन-चार (३/४) टाइम सिग्नेचर लिहितं. तीन-चारमध्ये क्वेव्हर (क्रॉचेटच्या निम्म्या लांबीचे स्वर) सहाच असतात, पण ते दोन-दोनच्या तीन गटांत बांधले जातात. दादऱ्याची चाल तीन-तीनच्या दोन गटांची, म्हणजे सहा-आठची (६/८). टाळी देऊन दाखवा: पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली (टाळीऐवजी मोकळा हात). हात दोनदाच हलला की सहा-आठ. एबीआरएसएममध्ये सहा-आठ तिसऱ्या ग्रेडला येतं, तर तबला किंवा गाणं शिकणाऱ्या मुलाच्या हाताला दादरा सुरुवातीच्या परीक्षांतच बसलेला असतो. हा फायदा वाया घालवू नये.

उलट दिशेने जाताना खाली समजावणं अवघड. तीनतालात १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग, टाळ्या १, ५, १३ वर आणि खाली ९ वर. चार-चारचे (४/४) चार बार लागोपाठ लिहिले की मात्रा तेवढ्याच भरतात, पण खालीच्या विभागात डग्गा (तबल्याचा डावा, घुमणारा नग) गप्प होतो ही गोष्ट त्या कागदावर कुठेच उतरत नाही. रूपक तर सात मात्रांचा, ३+२+२, आणि समेवरच खाली. सात-आठ (७/८) म्हणून लिहिला की पहिल्या मात्रेवर आपोआप जोर पडतो आणि रूपकाचा तोल जातो.

लिहिण्याची पद्धत

स्टाफ नोटेशन जगभर सारखं, इतकंच की ब्रिटिश पुस्तकांत क्रॉचेट आणि अमेरिकन व्हिडिओत क्वार्टर नोट, दोन्ही एकच. आपल्याकडे मात्र दोन लिप्या आहेत आणि त्यांच्या खुणा एकमेकींवर आदळतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तार सप्तकाला उभी रेघ. सम भातखंड्यांत फुलीने दाखवतात, पलुस्करांत १ या आकड्याने. पलुस्करांत अधिकच्या खुणेने खाली दाखवतात. घाईत फुली जराशी वळली की समेची खाली होते. शून्याचंही तसंच: भातखंड्यांत खाली, पलुस्करांत अर्धी मात्रा. मुलाने दोन पुस्तकांतून उतरवून घेतलेल्या वहीत एकाच पानावर दोन्ही खुणा असतील तर ते पान पुन्हा लिहायला लावा आणि वर पद्धतीचं नाव घालायला सांगा. वर्षभर एकच लिपी, बहुतेकांना भातखंडे सोपी जाते.

परीक्षा आणि दहावी

गांधर्व मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात आणि वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. सुरुवातीला शास्त्र तोंडीच विचारतात, लेखी पेपर नंतर. लिहायचा कंटाळा असलेल्या मुलाला हे मानवतं. एबीआरएसएमच्या पहिल्या पाच थिअरी ग्रेड ऑनलाइन असतात. ७५ पैकी ५० ला पास. सहाव्या ग्रेडपासून पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षांना बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या तोडीची ठरवून दिलेली परीक्षा लागते. ट्रिनिटीत अशी अट नाही, त्यामुळे वाजवण्यात पुढे आणि कागदावर मागे असलेल्या मुलाला ती बरी. दोन्हीची फी गांधर्व मंडळापेक्षा बरीच जास्त.

राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. किती परीक्षांना किती गुण आणि प्रस्तावाची तारीख कोणती, हे शाळेच्या कार्यालयात नववीतच विचारून ठेवा, कारण प्रस्ताव शाळेमार्फत जातो. घोडबंदर रोडला किंवा खारघरला मूल सीबीएसईत असेल तर हा हिशोब लागू नाही. तिथे हिंदुस्तानी संगीत नववी-दहावीला ऐच्छिक विषय म्हणून घेता येतं, पण शाळा तो शिकवत असेल तरच.

आमचा कौल

गाणं, तबला, हार्मोनियम, बासरी किंवा सतार असेल तर सारेगमची परिभाषा आधी, यात दोन मतं नाहीत. पियानो आणि बँडमधलं कोणतंही वाद्य असेल तर स्टाफ आधी. व्हायोलिनला शिक्षक कोणत्या पद्धतीने शिकवतात ते पाहा, त्यावर सगळं ठरतं. कीबोर्डवर फक्त हिंदी-मराठी गाणी वाजवायची असतील तर थाट आणि कॉर्ड एवढ्या दोनच गोष्टी एकत्र शिकवाव्यात. स्टाफ वाचनाची घाई नको.

दुसरी परिभाषा कधी सुरू करायची? मुलाला कोणत्याही पट्टीत सा दिला आणि त्याने पेटी न बघता कोमल ग आणि शुद्ध ग वेगळे गाऊन दाखवले, शिवाय तीनतालात कुठूनही सुरुवात केली तरी समेवर बोट ठेवलं, की खुशाल सुरू करा. स्टाफवाल्यासाठी कसोटी अशी: सी ते जी अंतर परफेक्ट फिफ्थ हे पाठ सांगू नये, डी वरून तेवढंच अंतर, म्हणजे सात पट्ट्या मोजून ए, हाताने काढून दाखवावं. नववीच्या दिवाळीपर्यंत यातलं काही जमत नसेल तर दुसरी परिभाषा दहावी संपेपर्यंत थांबवा आणि तो वेळ रोजच्या वीस मिनिटांच्या रियाजाला द्या.