कॉम्प्रेशन स्लीव्ह: एक मे महिना आणि एक पावसाळा काढल्यावर

कॉम्प्रेशन स्लीव्ह म्हणजे हाताची सूज आटोक्यात ठेवायला घालायची घट्ट, दाब देणारी बाही. ज्यांना नुसतं 'घेऊ की नको' एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगते. घ्या, पण सूज उतरवल्यावर घ्या, हाताचं माप देऊन घ्या आणि पंजावर घालायचा तसाच घट्ट तुकडा सोबत घ्या. नाहीतर एक महागडी घट्ट बाही कपाटात पडून राहील.

माझं प्रकरण उजव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी (नोड) काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. सगळं संपून वर्ष होत आलं तेव्हा ब्लाऊजची उजवी बाही दंडावर रुतायला लागली. काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या असतील तर साधारण 5 जणींमागे एकीला लिम्फेडेमा, म्हणजे द्रव साठून हाताला येणारी सूज, होतो. फक्त सेंटिनल नोड, म्हणजे त्या गाठींतली सगळ्यात पहिली, काढून तपासली असेल तर प्रमाण बरंच कमी, शंभरात पाच-सहा. हातातला लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणारे मार्ग ऑपरेशनमध्ये कापले जातात, उरलेले रेडिएशनने आखडतात, म्हणून तो साठतो. तरीही सूज आली की थेट दुकान गाठू नका. रक्ताची गुठळी नाही ना, आजार परतला नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय हाताला काहीही आवळायचं नाही. आणि कुणी लघवीच्या गोळ्या सुचवल्या तर मान हलवून सोडून द्या. या सुजेत पाण्याबरोबर प्रथिनंही अडकलेली असतात, ती गोळीने हलत नाहीत.

स्लीव्ह सूज उतरवत नाही. उतरलेली सूज परत चढू देत नाही, एवढंच तिचं काम. उतरवण्याचं काम बँडेजचं: बोटांपासून काखेपर्यंत, आत कापूस-फोम, वर कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, दिवसरात्र, काही आठवडे. बघणाऱ्याला हात भाजलाय असं वाटावं असा तो अवतार. सोबत लिम्फ ड्रेनेजचा मसाज. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने 1930 च्या दशकात बसवलेली ही पद्धत. आपल्याकडे मालिश म्हटलं की तेल लावून रगडणं आलं, इथे मात्र कातडी जेमतेम सरकेल इतकाच हलका हात. जोर लावणारीला नम्रपणे घरी पाठवा.

बँडेज सुटल्यावर पहिली स्लीव्ह तयार मापातली घेतली, गोल विणीची, बिनशिवणीची. दिसायला छान, पातळ, कुर्त्याखाली कळतही नाही. पण माझं मनगट बारीक आणि कोपराखालचा भाग जाड. तिथे कापड गोळा होऊन वळ उठायचे, आणि संध्याकाळपर्यंत हाताची पाठ पुरीसारखी टम्म. दंड दाबला की पाणी खाली पंजात उतरतं. फिजिओथेरपिस्टने पंजाचा तुकडा जोडून दिला तेव्हा ते थांबलं, वळ मात्र राहिले.

म्हणून नंतर सपाट विणीची, मापाने शिवलेली मागवली. यायला बरेच आठवडे लागले, किंमत तयार स्लीव्हच्या कितीतरी पट, आणि माझ्या विम्यात ती बसली नाही. कापड जाड, शिवण उठून दिसते. 'त्वचेचा रंग' म्हणून जो काही रंग मिळतो तो आमच्या सात पिढ्यांत कुणाचा नसेल, म्हणून मी काळी घेतली. पण ती कोपरात गोळा होत नाही, रुतत नाही. माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

दाबाबद्दल एक सावधगिरी. पाकिटावरचा 'क्लास 2' वाचून घेऊ नका. जर्मन मोजणीत त्याचा अर्थ 23 ते 32 मिलिमीटर पारा (mmHg, रक्तदाब मोजतात तेच एकक), ब्रिटिश मोजणीत 18 ते 24. आकडा बघा, आणि तो किती हवा हे फिजिओला ठरवू द्या.

मे महिना वाईट गेला. कोकणातल्या दमट उकाड्यात दंडावरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली पुरळ उठलं. मी कापडावरून ओला रुमाल फिरवते, जरा जीव शांत होतो. पावसाळ्यात वेगळीच पंचाईत: रोज धुवायची, पिळायची नाही, उन्हात घालायची नाही, मग वाळणार कधी? टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि रात्रभर पंख्याखाली. दोन असल्याशिवाय हे जमत नाही, म्हणजे खर्च दुप्पट. त्यात ताण साधारण सहा महिन्यांत जातो, मग पुन्हा माप, पुन्हा पैसे.

चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड मिळते. आंघोळीनंतर हात पूर्ण कोरडा हवा, क्रीम रात्री लावायचं. वरचं टोक दुमडायचं नाही, तिथेच फास बसतो. झोपताना काढते. पोळ्या लाटते, भाकरी थापायचं काम मुलाकडे गेलंय. त्याच्या भाकऱ्या हळूहळू गोल होतायत.

'बादली उचलू नकोस' हे घरोघरी ऐकू येतं. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नव्हती, उलट ती उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले होते. त्या व्यायाम करताना स्लीव्ह घालत, देखरेखीखाली शिकल्या होत्या. मी अर्ध्या किलोच्या डंबेलने सुरुवात केली, स्लीव्ह घालूनच.

हात लाल, गरम झाला, ताप आला, की स्लीव्ह काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. डास चावणं, नखाजवळची चीर, तव्याचा चटका, एवढंही जंतुसंसर्गाला पुरतं.

फिजिओ दर महिन्याला मनगटापासून वर ठरलेल्या खुणांवर टेप लावते. बँडेजनंतर जे माप आलं होतं त्याच्या आसपासच हात आहे. त्याखाली तो गेला नाही, डाव्या हातासारखा झालेला नाही. पुढची मागवताना सिलिकॉनची पट्टी नको म्हणून सांगणार आहे, आणि बांगड्या डाव्याच हातात.