इंडिगो की एअर इंडिया? पायलटने कर्जाकडे कसं बघावं

दोन्हीकडून बोलावणं आलेला को-पायलट हल्ली पगाराआधी विचारतो, ‘सर, टिकेल कोण?’ किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट बंद पडताना पाहिलेल्या पोरांनी तसं विचारणं साहजिकच आहे. ही निवड मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

इंडिगोचा ताळेबंद उघडला की देण्यांचा आकडा पाहून माणूस दचकतो. पण त्यातलं बरंचसं बँकेचं कर्ज नाही, ते विमानांचं पुढच्या वर्षांचं भाडं आहे. 2019 पासूनच्या हिशेबाच्या नियमांनी ते देणं म्हणून दाखवावं लागतं. या कंपनीने 2005 मध्ये, एकही उड्डाण झालेलं नसताना, एअरबसकडे 100 विमानं नोंदवली. घाऊक खरेदीची सवलत मिळवायची, विमान हातात आलं की भाडेकंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने उडवायचं, असा हा खेळ. पैसा अडकत नाही. मात्र भाडं डॉलरमध्ये आणि तिकिटं रुपयांत, त्यामुळे रुपया घसरला की तिमाहीचा निकालही घसरतो.

एअर इंडियाचं कर्ज वेगळ्या जातीचं होतं. ऑगस्ट 2021 अखेर ते 61,562 कोटींवर गेलं होतं. जानेवारी 2022 मध्ये टाटांनी ताबा घेताना त्यातले 15,300 कोटीच अंगावर घेतले, बाकीचा बोजा सरकारने वेगळ्या कंपनीकडे वळवला. म्हणजे पाटी बऱ्यापैकी कोरी, मालक खोल खिशाचा, सोबत सिंगापूर एअरलाइन्सचा 25.1 टक्के वाटा आणि 2023 मध्ये नोंदवलेली 470 विमानं. ज्याला 777 किंवा ए350 वर बसून लांब पल्ला गाठायचाय, त्याला इथे वाव जास्त. इंडिगोनेही ए350 नोंदवली आहेत, पण तिचा मूळ धंदा अजून ए320 या लहान विमानांचाच.

इथपर्यंत एअर इंडिया वरचढ वाटेल. माझं घोडं अडलं ते विलीनीकरणापाशी.

2007 साल आठवा. जेटने सहारा 1,450 कोटींना घेतली, किंगफिशर डेक्कनमध्ये शिरली आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, सगळं एकाच वर्षात. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट 2019 मध्ये, आणि तिसरी तगली ती करदात्यांच्या पैशावर. तेल महाग होतं, 2008 ची मंदी आली, कारणं बरीच होती. तरी मला वाटतं, कर्ज काढून घेतलेलं विमान परत करता येतं, विकता येतं. कर्ज काढून घेतलेल्या कंपनीची देणी, करार आणि भांडणं मात्र घरातच राहतात.

पायलटच्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात चिवट भांडण सीनियॉरिटीचं, म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीतल्या नंबरचं. माझ्या आधीच्या कंपनीत (नाव राहू दे) दोन याद्या एकत्र केल्या, तेव्हा माझ्यानंतर बरीच वर्षांनी लागलेली पोरं माझ्या वर गेली. पगार थकला तर तो कधीतरी मिळतो, निदान तशी आशा असते. यादीतला नंबर गेला तो गेलाच. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, लांबली, मुंबई बेस हातचा गेला, आणि गणपतीची रजा मागायला गेलो की वरच्यांची नावं आधीच लागलेली. दरवर्षी! एअर इंडियातही 2012 मध्ये, विलीनीकरणाला पाच वर्षं होऊन गेल्यावर, ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून पायलटांचा सुमारे दोन महिने संप चालला, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही.

टाटांनी हे पुष्कळ सभ्यपणे केलं, हे मान्य. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात मिसळली आणि पायलट सामावले गेले. पण त्याआधी त्याच एप्रिलमध्ये पगाराची हमी असलेले महिन्याचे उड्डाणतास 70 वरून 40 वर आणणाऱ्या नव्या करारावरून विस्ताराच्या पायलटांत नाराजी होती आणि उड्डाणं रद्द करावी लागली, हेही नोंदवून ठेवा.

इंडिगोने आजवर दुसरी विमान कंपनी विकत घेतलेली नाही. 2017 मध्ये एअर इंडियात रस दाखवला, पुढच्या वर्षी अंग काढून घेतलं. तिथे यादी एकच आहे आणि ती खालून वाढते. मला तेवढं पुरलं. म्हणून ती काही देवमाणूस नव्हे. जुलै 2020 मध्ये तिने दहा टक्के माणसं कमी केली, आणि डिसेंबर 2025 मध्ये ड्यूटीच्या नव्या नियमांना पुरतील इतके पायलट नसल्याने हजारो उड्डाणं रद्द झाली. वाढीचा ताण तुमच्या रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर, पडणार, हे गृहीतच धरा.

तुम्ही आज नव्याने लागत असाल तर दोन्हीकडे यादीच्या तळाशीच जाणार, त्यामुळे माझी ठसठस तुम्हाला कदाचित लागूही होणार नाही. मोठ्या विमानाची ओढ असेल तर खुशाल टाटांकडे जा. फक्त सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून धरणार की कमांडच्या, आणि पुढे समूहात आणखी काही मिसळलं तर काय, एवढं लेखी विचारा. 2017 पासून को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस आहे, म्हणजे पटलं नाही तरी लगेच सुटता येत नाही.