जॅक अँड जिल की स्ट्रिक्टली?
वेस्ट कोस्ट स्विंग या जोडीने करायच्या नाचाच्या या दोन्ही स्पर्धांत गाणं ऐनवेळीच कळतं, बसवलेला नाच चालत नाही. फरक जोडीदाराचा. स्ट्रिक्टलीत तो आपण निवडतो. जॅक अँड जिलमध्ये नशिबाने मिळतो. तिथे प्राथमिक फेरीत लीडर (चाल सुरू करणारा) आणि फॉलोअर (त्याला साथ देणारा) यांना वेगवेगळं जोखतात, अंतिम फेरीत जोडी म्हणून. या स्पर्धांचे पॉइंट नोंदवणाऱ्या वर्ल्ड स्विंग डान्स कौन्सिलचे पॉइंटही तिथेच मिळतात. नवशिक्याने आधी तिथेच उतरावं, असं मला मनापासून वाटतं. कारण अनोळखी हातात अँकर, म्हणजे चालीच्या शेवटचं स्थिरावणं, कच्चा असेल तर लपत नाही: शुगर पुश या मूळ चालीच्या पाच-आणि-सहा या ठोक्यांना फॉलोअर नाचाच्या सरळ पट्ट्यातल्या आपल्या टोकाला स्थिरावतो, वजन मागे जातं, बोटांत हलका ताण येतो. तो ताण जाणवल्याशिवाय पुढची चाल सुरू करू नये. स्ट्रिक्टलीत ही घाई सरावाच्या सवयीने झाकली जाते.